धुरामुळे ध्रुवावरचे ढग गारवा वाढवतात की ऊब?

तुमचा प्रश्न असा: धुराचे कण मिसळले की ढग जास्त पांढरे होतात, ऊन परतवतात, मग प्रदूषण आर्क्टिकपर्यंत पोहोचल्यावर तिथे गारवाच वाढायला हवा ना? ढगांचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझीही हीच समजूत होती. पण हा हिशेब ऊन असेल तिथेच चालतो, आणि आर्क्टिकच्या हिवाळ्यात ऊनच नसतं.

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणाभोवती धरतो. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक होतात आणि ढग उजळतो. ढगांचे अभ्यासक शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं हे तत्त्व आजही पक्कं आहे.

आता ध्रुवावरची लांब रात्र डोळ्यांसमोर आणा. परतवायला ऊन नाही, तेव्हा ढगाच्या शुभ्रपणाचा उपयोग शून्य. त्या वेळी ढग फक्त पांघरुणाचं काम करतो: बर्फावरून वर जाणारी उष्णता अडवतो आणि त्यातली बरीचशी खाली परत पाठवतो. दाट ढगाला यात आणखी मदत लागत नाही. आर्क्टिकमधले ढग मात्र पुष्कळदा इतके विरळ असतात की त्यांतून उष्णता निसटते. तिथे धुराचे कण आले, थेंब बारीक आणि पुष्कळ झाले, की तेवढ्याच पाण्यात पांघरूण घट्ट विणलं जातं. २००६ साली अलास्काच्या उत्तर टोकावरच्या बॅरो (आताचं उत्कियाग्विक) इथल्या मोजमापांवरून दोन वेगवेगळ्या गटांनी हेच दाखवलं. त्यातल्या एकाच्या हिशेबाने अशा ढगांखाली दर चौरस मीटरला सरासरी ३.४ वॅट जास्त उष्णता पोहोचते.

आणि वेळ बघा. तिथली हवा सगळ्यात मळकी असते ती हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात. १९५० च्या दशकात वैमानिकांना तिथे तपकिरी धुरकं दिसायचं. त्यालाच आर्क्टिक धुरकं म्हणतात. ते मुख्यतः युरोप आणि रशियाकडून येतं. थंड हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, पाऊस-हिम फार पडत नाही, त्यामुळे कण धुऊन न जाता कित्येक आठवडे तरंगत राहतात.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती ढगातल्या बर्फाची. या ढगांतलं पाणी शून्याखाली कितीतरी अंशांवरही द्रवच राहतं. गोठायला आधार देणारा कण मिळाला नाही तर जवळपास उणे ३८ अंशांपर्यंत. असा आधार खनिज धूळ चांगला देते, काजळी या तापमानांना फारसा नाही. एकदा स्फटिक तयार झाले की ते थेंबांचं बाष्प ओढून घेतात, जड होऊन खाली पडतात आणि ढग झिजतो. पण प्रदूषणातल्या सल्फ्युरिक आम्लाचा लेप धुळीवर बसला, तर तिची ही ताकद कमी होते. म्हणजे ढग झिजायला वेळ लागू शकतो. मला या विषयातला सर्वांत अवघड, आणि म्हणून सर्वांत आवडता, भाग हाच वाटतो.

उन्हाळ्यात तुमचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं, विशेषतः उघड्या समुद्रावर, कारण काळं पाणी ऊन पिऊन टाकतं आणि वरचा ढग सावली धरतो. ताज्या बर्फावर मात्र ढग उजळून फार काही साधत नाही. तो बर्फ स्वतःच ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतो.

अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी. ते कारखान्यांपासून दूर आहे, भोवतालच्या समुद्रावरचे ढग बहुतांशी समुद्री मीठ आणि सूक्ष्म वनस्पतींपासून बनलेल्या कणांवर धरतात.

युरोपातल्या गंधकाच्या उत्सर्जनावर बंधनं आल्यापासून आर्क्टिक धुरक्यातलं सल्फेट, म्हणजे गंधकाच्या धुरापासून बनणारे कण, घटलं आहे. सैबेरिया आणि कॅनडातल्या वणव्यांचा धूर मात्र ऐन उन्हाळ्यात येतो. त्याने ढग उजळून थोडी सावली मिळाली, तरी त्यातली काजळी बर्फावर बसते आणि त्याला काळवंडून वितळवते. त्यामुळे त्या धुराचा हिशेब ढगांपाशी थांबवता येत नाही.