राशीचा चिमटा आणि धम्मपदातील रस्मिग्गाह

एका अनुवादक वाचकाने विचारले आहे की, 19व्या शतकातील अमेरिकी बग्गीच्या एका वर्णनात गाडीवान खाली उतरण्यापूर्वी ‘घोड्याची वेसण’ समोरच्या फळीवर बसवलेल्या एका साधनात अडकवतो; त्या साधनाला मराठीत ‘लगामदाणी’ म्हटले तर चालेल काय?

आधी वेसणीचा निकाल लावतो, कारण ही चूक मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. वेसण नाकातून ओवलेली असते आणि घोड्याचे नाक कोणीही टोचत नाही. ‘उधळलेल्या घोड्याला वेसण’ असे मथळे वाचले की मला खरोखर वाईट वाटते, कारण मराठवाड्यात असे लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या आजोबांच्या गोठ्यात देवणी किंवा लालकंधारी बैल असणार, आणि त्या घरात म्होरकी कोणती, येसण कोणती व कासरा कोणता हे पाच वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नसे. घोड्याला लगाम असतो. त्यातही तोंडातल्या लोखंडाला कडियाळे म्हणतात, आणि गाडीवानाच्या हातापर्यंत येणारे लांब पट्टे ही निराळी वस्तू आहे. आपल्या वर्णनातला गाडीवान अडकवतो ते हे पट्टे.

‘लगामदाणी’ही मला मान्य नाही. फारसीतून आलेल्या ‘दाणी’मध्ये वस्तू आत राहते, जसे अत्तरदाणीत अत्तर आणि सुरमेदाणीत सुरमा. बग्गीवर चाबूक उभा ठेवण्यासाठी नळी असे, तिला ‘चाबूकदाणी’ म्हटले तर मी हरकत घेणार नाही. पट्ट्यांचे साधन मात्र बहुधा स्प्रिंगचा चिमटा असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी आडवी फळी असे, तिच्या वरच्या कडेवर तो बसवत. त्या फळीचेच नाव डॅशबोर्ड, जे पुढे मोटारीने उचलले. चिमट्याचे काम एवढेच की पट्टे घसरून घोड्याच्या पायांत येऊ नयेत. घोडा जागेवर राहावा म्हणून त्याला वेगळ्या दोराने खांबाला किंवा जड लोखंडी वजनाला बांधावे लागे. अनुवादात ‘चिमट्यात अडकवून घोडा बांधला’ असे झाले असेल, तर तेही दुरुस्त करावे.

आता त्या पट्ट्यांचे नाव. माझ्या लहानपणी स्टेशनाबाहेरचे टांगेवाले त्यांना ‘रास’ म्हणत. उर्दूतला हा शब्द निजामी राजवटीमुळे आपल्याकडच्या कानांना परका नव्हता. माझे एक विद्वान स्नेही ही रास अरबी आहे असे ठामपणे सांगतात: अरबीत रास म्हणजे डोके, आणि हा पट्टा घोड्याचे डोके आवरतो. मोडी कागदांत ‘घोडे रास 5’, म्हणजे पाच डोकी घोडे, असे येते ती रास अरबीच आहे, यात वाद नाही. पण त्या एका आधारावर लगामाची रासही अरबस्तानात पाठवणे म्हणजे दोन माणसांचे नाव एक म्हणून त्यांचा बाप एक ठरवण्यासारखे आहे. मुष्टीची मुट्ठी होऊन मूठ झाली, अग्नीची अग्गी होऊन आग झाली, त्याच वाटेने ‘रश्मि’चे ‘रस्सि’ आणि मग ‘रास’ झाले. संस्कृतात रश्मि म्हणजे किरण आणि रश्मि म्हणजेच लगामाची दोरी. अमरकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी दिलेले आहेत. शाळेच्या मैदानावर आपण जी रस्सीखेच खेळतो त्यातली रस्सी आणि वर्गातल्या रश्मीचे नाव हा मुळात एकच शब्द आहे, हे पहिल्यांदा कळले त्या रात्री मला झोप लागली नव्हती. सूर्य आणि दोर यांची ही सांगड निव्वळ पंडिती मानू नये. ‘कासराभर दिवस वर आला’ असे आपला शेतकरी आजही म्हणतो; त्याने आकाशातला सूर्य बैलाच्या दोराने मोजला आहे.

आणि पाली पाहावी. तिथे ‘रस्मि’ला हेच दोन अर्थ आहेत. धम्मपद या बौद्ध ग्रंथाच्या कोधवग्गात, म्हणजे क्रोधावरच्या प्रकरणात, उसळलेला राग भरकटत्या रथासारखा जो आवरतो त्यालाच सारथी म्हटले आहे, आणि बाकीचे लोक नुसते ‘रस्मिग्गाह’, म्हणजे रास धरणारे. आपण ज्या साधनाचे नाव विचारता, त्याचा शब्दशः अर्थ देणारा हा शब्द आहे, फक्त तो तिथे माणसाला लावला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून ‘हा रथ आहे काय’ असे विचारतो, तेव्हा आख, चाक, जू यांच्याबरोबर ‘रस्मियो’ आणि ‘पतोद’ही येतात. त्याच राजाचे नाव डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिळाले. पतोद म्हणजे जनावराला टोचण्याची काठी. तिचे संस्कृत रूप ‘प्रतोद’ विधिमंडळात पक्षाच्या आमदारांना हाकण्यासाठी आजही वापरात आहे. हा शब्द टिकला आणि रास मात्र टांग्याबरोबर जाऊ द्यायची, हे मला सहन होत नाही. रास ही धान्याची आणि कुंडलीचीही असते, म्हणून वाचक गोंधळेल, असा आक्षेप स्नेह्यांनी घेतलाच आहे. खळ्यातली रास कोणी चिमट्यात अडकवत नाही, एवढेच त्यावर माझे उत्तर आहे.

म्हणून साधनाला ‘राशीचा चिमटा’ म्हणावे. चिमट्याऐवजी चित्रात नुसता आकडा दिसत असेल तर ‘राशीचा आकडा’. वाक्य असे करता येईल: ‘त्याने रास समोरच्या फळीवरच्या चिमट्यात दाबली, खाली उतरला आणि घोड्याला खांबाशी बांधले.’