गंभीर गुन्हा करणाऱ्या परदेशी लोकांना देशाबाहेर काढावं, याला जनतेचा खरंच पाठिंबा असतो का?

असतो, पण तो किती हे प्रश्नाच्या शब्दांवर ठरतं. सर्वेक्षणांपेक्षा स्वित्झर्लंडचं उदाहरण बघा. तिथे लोकांनी याच विषयावर सहा वर्षांच्या आत दोनदा मतदान केलं.

२८ नोव्हेंबर २०१० ला स्विस पीपल्स पार्टीचा प्रस्ताव ५२.९ टक्के मतांनी मंजूर झाला. खून, बलात्कार, दरोडा, अमली पदार्थांचा व्यापार अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला बाहेर काढायचं. प्रचाराचं पोस्टर गाजलं होतं: लाल झेंड्यावर उभ्या पांढऱ्या मेंढ्या, आणि त्यातली एक काळ्या मेंढीला लाथ मारून बाहेर घालवतेय. यादीत घरफोडीही होती आणि लबाडीने सरकारी मदत लाटणंही, हे मात्र पोस्टरवरून कळत नव्हतं.

२८ फेब्रुवारी २०१६ ला त्याच पक्षाने अंमलबजावणीचा कडक मसुदा आणला आणि ५८.९ टक्के लोकांनी तो फेटाळला. मतदानही या वेळी बरंच जास्त झालं. मसुदा फेटाळला तो गुन्हेगारांबद्दल कळवळा आला म्हणून नव्हे. या मसुद्यात न्यायाधीशाला प्रकरण बघून सूट देण्याची मुभाच नव्हती आणि मागच्या दहा वर्षांत शिक्षा झालेली असेल, तर साध्या मारहाणीवरही हकालपट्टी होती. स्वित्झर्लंडमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, हे इथे लक्षात घ्या. झुरिकमध्ये जन्मलेला, तिथलीच बोली बोलणारा, पण इटलीचा पासपोर्ट असलेला मुलगा कायद्याने परदेशीच. ‘गुन्हेगार परदेशी’ म्हटल्यावर असा शेजारचा मुलगा फारसा कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

आज लागू आहे तो संसदेचा कायदा, १ ऑक्टोबर २०१६ पासूनचा. यादीतल्या गुन्ह्याला ५ ते १५ वर्षं हकालपट्टी, पुन्हा केला तर २०. अगदीच बिकट वैयक्तिक परिस्थिती असेल आणि त्यापुढे जनहिताचं पारडं हलकं ठरत असेल, तरच न्यायालय सूट देतं. तिथेच जन्मलेल्या-वाढलेल्यांचा त्यात खास विचार होतो. तुरुंगवास असेल तर तो आधी भोगावा लागतो. मायदेशी छळाचा धोका असेल, तर रवानगी पुढे ढकलली जाते.

त्यामुळे कुठलंही सर्वेक्षण वाचताना तीन गोष्टी तपासा: गुन्ह्यांची नावं दिली होती का, तिथेच वाढलेल्यांबद्दल वेगळं विचारलं होतं का, आणि न्यायाधीशाच्या मुभेचा उल्लेख होता का. यातलं काहीच नसेल, तर तो आकडा फक्त पहिल्या प्रतिक्रियेचा आहे.