बाराव्या आठवड्यापासून विसाव्या आठवड्यापर्यंत

ब्रिटनमध्ये दिवस राहिलेल्या मराठी स्त्रीला सर्वांत जड जाणारा काळ बहुधा बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीनंतर सुरू होतो. माहेरी बहीण किंवा वहिनी दर महिन्याला डॉक्टरांकडे जाताना आणि तिची फाईल जाड होत जाताना तिने पाहिलेली असते. इथे मात्र 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान एक आणि 18 ते 21 आठवड्यांच्या दरम्यान दुसरी, एवढ्याच सोनोग्राफी ठरलेल्या असतात, आणि सारे सुरळीत असेल तर बहुतेक तपासण्या मिडवाइफच, म्हणजे प्रशिक्षित सुईणच, करते. त्यातून आधी एकदा गर्भ पडलेला असेल, तर हे मधले आठवडे जिवाला घोर लावतात. इथली पद्धतच अशी आहे, कोणी हेळसांड करत नाही, हे फोनवरून रोज ‘अजून सोनोग्राफी नाही केली?’ असे विचारणाऱ्या मंडळींनाही एकदा नीट समजावून सांगावे.

‘आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल’ हा उपदेश मायेपोटी केला जातो खरा, परंतु आधीच धास्तावलेल्या बाईला त्यामुळे काळजी करण्याचीही काळजी लागते. भीती वाटत असतानाही पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिता येते, डोहाळजेवणाचा बेत ठरवता येतो; माझ्या मते अशा दिवसांत आशा म्हणावी ती एवढीच, आणि ती पुरते.

मिडवाइफ मनाची विचारपूस करते तेव्हा आपण सवयीने ‘बरी आहे’ म्हणून मोकळ्या होतो. त्याऐवजी झोप लागत नाही, छातीत धडधडते, रक्त दिसेल या भीतीने बाथरूममध्ये जायला नको वाटते, हे जसेच्या तसे सांगावे, म्हणजे तिला गरोदर स्त्रियांच्या मानसिक आरोग्याच्या पथकाकडे पाठवता येते. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ‘टॉकिंग थेरपीज’ या बोलून उपचार करणाऱ्या सेवेकडे जीपीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या, चिठ्ठीवाचून स्वतःही नाव नोंदवता येते. इंग्रजीत मन मोकळे करणे जड जात असेल तर दुभाषी मागावा, त्याचे पैसे पडत नाहीत. नवऱ्याला दुभाषी करू नये, कारण त्याच्यासमोर पुष्कळ गोष्टी ओठांतच राहतात. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी आधीपासून गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

घरच्या घरी ठोके ऐकण्याचे यंत्र मात्र आणू नये. ऐकू आलेला ठोका आईचा स्वतःचाही असू शकतो, आणि खोटा दिलासा भीतीपेक्षा घातक ठरतो. बाळाची हालचाल साधारण 16 ते 24 आठवड्यांच्या दरम्यान जाणवू लागते. 24 आठवडे होऊनही ती जाणवली नाही तर मिडवाइफला सांगावे. एकदा ती ओळखीची झाली, की कमी वाटताच किंवा थांबल्यासारखी वाटताच सकाळची वाट न पाहता प्रसूती विभागाला फोन करावा. ‘रात्री दोन वाजता उगाच त्रास कशाला द्यायचा’ हा आपल्याकडचा संकोच इथे करू नये, त्या फोनपाशी माणसे त्यासाठीच बसलेली असतात.