डिझेल पुलिंग ट्रकचं (जड स्लेज ओढण्याच्या स्पर्धेतल्या ट्रकचं) इंजिन बांधताना आधी खर्च कशावर करावा: मोठ्या टर्बोवर की ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर)?

ब्लॉकवर, आणि त्याहून जास्त हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पकडीवर. अमेरिकेतल्या पुलिंगमध्ये ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स कंपनीचं इंजिन लोकप्रिय आहे, कारण त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक दणकट असतो. पण बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढलं की सिलिंडरमधला दाब हेडच उचलू पाहतो आणि हेड व ब्लॉकमधलं सील, म्हणजे गॅस्केट, जातं. म्हणून मूळ बोल्टऐवजी जाड, मजबूत स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घाला, फायर रिंग (सिलिंडरच्या तोंडाभोवती दाब अडवणारी धातूची कडी) बसवून घ्या. टर्बो नंतर.

आणि कृपा करून इंजिनात जाणारी हवा तोडणारी झडप टाळू नका! डिझेलला स्पार्क नसतो, म्हणून तो तोडून इंजिन थांबवता येत नाही. इंधन किंवा तेल आत जात राहिलं, तर चावी बंद करूनही इंजिन पळत सुटतं. तेव्हा हवा बंद करणं हाच भरवशाचा उपाय.