त्वचेच्या मूलपेशींवर काम करायचे आहे. नीट पुन्हा द्यावी का?

स. न. वि. वि.

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखा जीवशास्त्र घेऊन, पण गणित सोडून उत्तीर्ण झाली आहे. जर्मनीतील एका मुलाला प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा लावल्याची हकीकत वाचल्यापासून 'मला हेच काम करायचे' असा तिचा आग्रह आहे. नीटमध्ये गुण कमी पडल्यामुळे एक वर्ष थांबून ती परीक्षा पुन्हा द्यावी की बीएस्सीला प्रवेश घ्यावा, असे आपण विचारले आहे. हे काम मुळात कोणी आणि कसे केले, ते पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

सात वर्षांच्या त्या मुलाला जंक्शनल एपिडर्मोलायसिस बुलोसा हा आनुवंशिक आजार होता. बाह्यत्वचेला खालच्या थराशी घट्ट धरून ठेवणारे लॅमिनिन-३३२ हे प्रथिन त्याच्या शरीरात एका जनुकातील दोषामुळे नीट तयार होत नव्हते. त्यामुळे जराशा घर्षणानेही फोड येऊन कातडी सुटत असे. २०१५ साली बोखुम येथील रुग्णालयात त्याची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा गेलेली होती. तेथील डॉक्टरांनी शाबूत भागातून अवघा चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा काढून इटलीत मोडेना येथे मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. तेथे विषाणूच्या साहाय्याने पेशींत निर्दोष जनुक घालून त्वचेचे पापुद्रे वाढवण्यात आले आणि ते बोखुमच्या शल्यविशारदांनी मुलाच्या अंगावर बसवले.

यातील खरी कसोटी पेशी वाढवण्यात होती. बाह्यत्वचा सतत झडत असते. त्यामुळे पापुद्र्यातील बहुतेक पेशी काही महिन्यांत निघून जातात आणि होलोक्लोन (एकाच पेशीपासून वाढलेली, दीर्घकाळ वाढत राहू शकणारी पेशींची वसाहत) तयार करणाऱ्या मोजक्या मूलपेशीच पुढची त्वचा देत राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली होलोक्लोनची वसाहत गोल, गुळगुळीत कडेची आणि लहान पेशींची दाटी असलेली दिसते. जिची वाढ संपत आली आहे ती वसाहत वेडीवाकडी आणि पसरट दिसते. संवर्धनात हयगय झाली तर पापुद्रा वरून उत्तम दिसतो, पण त्यातील मूलपेशी संपलेल्या असतात. ज्या संवर्धनपद्धतीवर हे सारे उभे आहे, ती हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्येच प्रसिद्ध केली होती. शिवाय मोडेनाच्या गटाने २००६ मध्ये एका रुग्णाच्या पायांवरील असाच प्रयोग प्रसिद्ध केल्यानंतर बोखुमच्या शस्त्रक्रियेपर्यंत बरीच वर्षे गेली, कारण अशा पेशी औषधनिर्मितीच्या कठोर निकषांनुसार तयार कराव्यात, असा नियम मधल्या काळात युरोपात आला. म्हणजे गुणवत्ता तपासणारा आणि नियमांची पूर्तता करणारा माणूसही या कामाचा तितकाच भागीदार आहे.

म्हणून आपल्या मुलीला रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहायचे आहे की संवर्धनकक्षात, हे तिने आधी ठरवावे. पहिले हवे असेल तर नीट, एमबीबीएस आणि पुढे त्वचारोगात एमडी किंवा शस्त्रक्रियेतील पदव्युत्तर पदवी हाच मार्ग आहे व त्यासाठी एक वर्ष देणे योग्य ठरेल. दुसरे हवे असेल तर केवळ नीटसाठी वर्ष घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचेही प्रश्न असतात; गणित सोडलेल्यांना ती देता येते, पण त्या प्रश्नांची स्वतंत्र तयारी करावी लागते. ते शक्य नसेल तर जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी, पुढे एमएस्सी आणि पीएचडी हा क्रम धरावा. 'मूलपेशी' हा शब्द ठळक छापून विकल्या जाणाऱ्या पदविकांपासून मात्र दूर राहावे. आपल्याकडे रक्ताचे काही आजार वगळता मूलपेशींचे बहुतेक उपचार अद्याप चाचण्यांच्याच टप्प्यावर आहेत.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका. पेशीसंवर्धनाची खोली प्रत्यक्ष दाखवण्यास सांगा आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना तेथे स्वतःच्या हाताने काम करू देतात की नुसते काचेतून पाहू देतात, हे शेवटच्या वर्षातील मुलांना विचारा. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत प्रयोगशाळेत बदल करून त्या परत देणारी कर्करोगावरील कार-टी उपचारपद्धती भारतात विकसित होऊन २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाल्यापासून, असा हात बसलेल्या माणसांना संशोधनसंस्थेबाहेरही वाव निर्माण झाला आहे. पीएचडी धरून एकूण दहा-अकरा वर्षे लागतील. पीएचडीच्या काळात पाठ्यवृत्ती मिळू शकते, पण त्याआधीच्या पाच वर्षांचा खर्च आपल्याला झेपेल का, याचा हिशेब मुलीला समोर बसवूनच मांडावा.