खरे जग, रचलेली नायिका

प्रश्न : सुसान सायडेलमन यांचा ‘स्मिदरीन्स’ (१९८२) नुकताच पाहिला. न्यूयॉर्कच्या पंक (बंडखोर रॉक संगीताच्या) वर्तुळात शिरकाव करू पाहणाऱ्या रेन या तरुणीची कथा इतकी खरी वाटली, की या चित्रपटाला डॉक्युड्रामा म्हणावे का, असा प्रश्न पडला.

उत्तर : काटेकोर अर्थाने म्हणता येणार नाही. डॉक्युड्रामामध्ये प्रत्यक्ष घडलेल्या घटनांची नाट्यरूप पुनर्रचना असते. रेन मात्र पूर्णपणे काल्पनिक आहे. तरीही आपल्याला पडलेला प्रश्न रास्त आहे, कारण तिच्या भोवतालचे जग खरे आहे. चित्रपटात एरिक या संगीतकाराची भूमिका करणारे रिचर्ड हेल हे स्वतः त्या वर्तुळातले नावाजलेले गायक होते. सुमारे ४० हजार डॉलर्समध्ये, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रपट करायचा म्हटल्यावर सेट उभारणे शक्यच नव्हते, त्यामुळे भुयारी रेल्वे, पडक्या इमारती आणि ओस पडलेले भूखंड जसे होते तसेच पडद्यावर आले. इतक्या तुटपुंज्या पैशांत झालेला हा चित्रपट १९८२ मध्ये कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत दाखवला गेला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

केवळ हलत्या कॅमेऱ्यामुळे किंवा भरड चित्रामुळे मात्र कोणताही चित्रपट खरा होत नाही. ‘स्मिदरीन्स’चा खरेपणा माझ्या मते रेनकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. कोणीही वाद्य उचलावे आणि मंचावर चढावे, हे पंकचे आश्वासन होते आणि लंडनमध्ये गायिका पॉली स्टायरीन किंवा ‘द स्लिट्स’ या बँडमधील तरुणींनी ते प्रत्यक्षात आणले. रेनकडे मात्र ना गाणे आहे, ना वाद्य; ती स्वतःच्याच चेहऱ्याच्या छायाप्रती भिंतींवर चिकटवत फिरते, खोटे बोलते, तिच्यावर जीव लावणाऱ्या पॉलला हवे तसे वापरून घेते. दिग्दर्शिका तिला सुधारत नाही, तिची कीवही करत नाही. तरुण नायिकेला इतका निर्मळ न्याय क्वचितच मिळतो.

डॉक्युड्रामाच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर ‘रूड बॉय’ (१९८०) पाहावा. त्यात रे गँग हा तरुण स्वतःच्याच नावाने वावरतो आणि ‘द क्लॅश’ या पंक बँडच्या मैफलीही खऱ्या आहेत. निखळ माहितीपट हवा असल्यास पेनेलोपी स्फिरिस यांचा ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ (१९८१) पाहावा. रेन ज्या लॉस एंजेलिसची स्वप्ने पाहते, तिथल्याच पंक मंडळींचे ते चित्रण आहे.