प्लेटवरचा आकडा खरा पाहिजे

तुझा मेसेज दोनदा वाचला. जुन्या दोन टनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टमधून लीड ॲसिड बॅटरी काढून लिथियमची बसवायचं काम तुझ्याकडे दिलंय, सीनियर म्हणतो किती उचलायचं ते लिहिलेली प्लेट आहे तीच राहू दे, आणि तू मला विचारतेस की काका, हे सगळं सोडून मी सस्टेनॅबिलिटीचं मास्टर्स करू का. अगं, मास्टर्सचं नंतर बघू. आधी मला सांग, बॅटरी बदलल्यावर मशीनचं वजन कुणी केलं का? एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कार्बन आहे, ईएसजी आहे, एचआरचं प्रेझेंटेशन आहे, पण किलोचा एकही आकडा नाही, आणि तेच मला खटकलं.

मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, तुला मी शिकवायची गरज नाही. पण कॉलेजमध्ये शिकलेलं शॉपवर आल्यावर माणसं बाजूला ठेवतात म्हणून लिहितो. त्या मशीनमध्ये लीड ॲसिडची बॅटरी नुसती करंट देत नाही, ती काउंटरवेटचं, म्हणजे पुढच्या भाराला मागून तोलून धरायचं, काम करते. हजार किलोच्या आसपास तिचं वजन. तेवढंच काम करणारी लिथियम बॅटरी चारशेत बसते. म्हणजे मागून सहाशे किलो गेले. पुढच्या ॲक्सलपासून ते वजन साधारण ९०० मिमी मागे धर, पुढे फोर्कच्या उभ्या पाठीपर्यंत ४५० मिमी आणि तिथून भाराच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे लोड सेंटर, ५००, आणि कागदावर मांड. दोन टनाचा मोमेंट १९०० किलो-मीटर येतो, मागून गेलेला ५४०. तेवढंच स्थैर्य ठेवायचं तर ते दोन टनी मशीन दीड टनाच्याही खाली येतं. आणि तुझा सीनियर म्हणतो प्लेट राहू दे.

नाही राहू द्यायची. प्लेटवरचा आकडा खरा पाहिजे, बस.

टिल्टिंग प्लॅटफॉर्मवरची टेस्ट तू अजून उभं राहून बघितली नसशील तर आधी ती बघ, टेस्ट बेमध्ये कुणाला तरी विनंती कर. आयएसओ २२९१५ या स्थैर्याच्या स्टँडर्डमध्ये पाच टनाखालच्या मशीनसाठी पूर्ण भार, मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा, पूर्ण वर, आणि प्लॅटफॉर्म पुढे ४ टक्के झुकवायचा. ४ टक्के म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर गं! साखळ्या सैल बांधलेल्या असतात, पडलंच तर धरायला. प्लॅटफॉर्म हळूहळू उचलला की मागचे टायर आधी जमिनीवर बसलेले दिसतात, मग त्यांचा फुगवटा कमी होतो, मग नुसते टेकलेले असतात, आणि मास्टचं टोक वर एवढंसं हललं तरी आख्खा बे गप्प होतो. चांगल्या मशीनचीसुद्धा एवढीच शिल्लक असते. आपल्याकडच्या गोडाऊनच्या फरशीला, डॉकच्या उताराला, नाल्यावरच्या झाकणाला ४ टक्के म्हणजे काहीच नाही. त्या शिल्लकीतून तू सहाशे किलो काढणार आणि ड्रायव्हरला सांगणारसुद्धा नाही?

कुणी म्हणेल ड्रायव्हर प्लेट वाचतो कुठे. हे मी इतकं ऐकलंय की आता चीड येते. वाचत नाही कारण आपण त्याला वाचायच्या लायकीची प्लेट देत नाही. कळंबोलीला लोखंड बाजारात जाऊन बघ, सेकंड हॅन्ड मशीन रंगवताना प्लेटवरून सरळ रोलर फिरवलेला असतो, आकडे पिवळ्या रंगाखाली, नखाने खरवडून वाचायचे. फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा साइड शिफ्टर नंतर बसवला, प्लेट तीच. लांब पेटी उचलायची, लोड सेंटर ७०० वर गेलं, तुझं तेच दोन टनी मशीन साडेसोळाशेवर आलं, पण ते सांगणारा तक्ता फाटलेला. मग काय होतं? मागचं चाक उचलायला लागलं की दोन माथाडी हाक मारून काउंटरवेटवर उभे करतात. हे तू भिवंडीत कुठल्याही कंपाउंडमध्ये बघशील. माणसाचं वजन वापरतात, कारण मशीनने किती उचलायचं ते नेमकं सांगणारं तिथे काही नाही. मला हे दृश्य दिसलं की आजही रिक्षा थांबवून खाली उतरून भांडावंसं वाटतं, आणि मी भांडलोयसुद्धा.

तुझ्या बाबांना माहितीये हे प्रकरण. एका गोडाऊनमध्ये भाड्याचं मशीन होतं, त्यावर नंतर कुणीतरी गासड्या दाबून धरणारा बेल क्लॅम्प बसवलेला, प्लेट मात्र पहिलीच, फोर्कची. वळताना कलंडलं, ड्रायव्हरने उडी मारली आणि ओव्हरहेड गार्डखाली, म्हणजे डोक्यावरच्या लोखंडी छताखाली, आला. बेल्ट लावून बसून राहिला असता तर वाचला असता असं सगळे म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, कलंडताना उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडतंय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. ट्रेनिंगमध्ये हे सांगतात. पण त्या माणसाने प्लेटवर लिहिलं होतं त्याच्यापेक्षा एक किलो जास्त उचलला नव्हता! त्याने वाचली होती ती प्लेट. चौकशीत हे वाक्य कुठे आलं नाही, म्हणून मी ते जमेल तिथे सांगत आलोय.

त्यानंतर मी ज्या कंपनीत होतो तिथे मार्च एन्डला अटॅचमेंटवाली मशीन्स जुन्याच प्लेटवर निघणार होती. मी सही केली नाही. सेल्सचे लोक येऊन बसले, माझ्या टेबलावर चहाचे कप साठले, शेवटी एक साहेब म्हणाले नवी प्लेट आठ दिवसांनी कुरियरने पाठवू. मी म्हटलं मशीनपण आठ दिवसांनी पाठवू. ऑर्डर हातची गेली. मला स्पेअर्सला टाकलं. टेस्ट बे माझी जीव की प्राण जागा होती, तिथे पुन्हा मला कधी पाय ठेवायला मिळाला नाही, त्याची खंत आहे, ती जात नाही. मुलुंडचा फ्लॅट घ्यायचा राहिला आणि आम्ही डोंबिवलीला आलो, तुझ्या काकूने लोकलचे हाल काढले, तिने एकदाही बोलून दाखवलं नाही पण मला कळायचं. लोक हट्टी म्हणाले. असेन. पण ती सही मी तेव्हा केली नाही आणि आज विचारलं तरी नाही करणार. मला कुणी अजून पटवून देऊ शकलेलं नाही की त्यात माझं काय चुकलं.

आता तुझ्या पर्यावरणाकडे येतो, कारण तुला वाटतंय काका जुन्या वळणाचे, त्यांना लिथियम नको. मला हवंय. बंद गोडाऊनमध्ये दिवसभर डिझेल मशीनवर बसणाऱ्या माणसाचा रुमाल संध्याकाळी बघ. लीड ॲसिडच्या चार्जिंग रूममध्ये हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि आपल्याकडे त्या खोलीत एक्झॉस्ट फॅन बंद करून लोक डबा खातात. लिथियमने हे जातं, चांगलंच आहे. पण तुमच्या ब्रोशरवर शून्य उत्सर्जन लिहिलंय ना, ती पण एक प्लेटच आहे, आणि तिच्यावरचा आकडापण खरा पाहिजे. महाराष्ट्रातली वीज अजून बरीचशी कोळशावर आहे. मशीनच्या जागेवर धूर नाही असं लिहा, ते खरं आहे, आणि पुरेसं चांगलं आहे.

आणि काढलेल्या लीड ॲसिड बॅटऱ्या कुठे जाणार? हे तुझ्या मेसेजमध्ये नाही. भंगारवाला अधिकृत रिसायकलरपेक्षा जास्त भाव देतो, कारण त्याला ॲसिड गटारात ओतायला आणि शिसं उघड्यावर वितळवायला खर्च येत नाही. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ पासून आहेत, पर्चेसवाल्याला विचार की किती बॅटऱ्या कुणाला दिल्या, त्याच्याकडे पोर्टलवरचा कागद आहे की नुसती चिठ्ठी. तसंच हायड्रॉलिक ऑईल. जळकं ऑईल म्हणून विकलं जातं आणि कुठल्यातरी भट्टीत जातं. तसाच पेंट शॉपच्या फॉस्फेटिंगचा गाळ, तो तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या फॅसिलिटीत पोचला का, की अर्धाच पोचला. तळोज्यात २०१७ ला निळी कुत्री दिसली होती, तू शाळेत असशील, कसाडी नदीत रंगाचं पाणी गेलं होतं. आपल्या शेजारचीच एमआयडीसी ती.

सेफ्टी वेगळं खातं आणि एन्व्हायर्नमेंट वेगळं, हे एचआरच्या चार्टवर असू दे, तुझ्या डोक्यात नको. मास्ट पुढे-मागे झुकवणाऱ्या टिल्ट सिलेंडरच्या सीलमधून तेल झिरपतं, तेच फरशीवर पडून ब्रेक लागत नाही आणि तेच पावसाळ्यात धुऊन नाल्यात जातं. सील एकच आहे. तू ते सील नीट निवडलंस तर दोन्ही कामं झाली, आणि त्यासाठी मास्टर्स लागत नाही गं, सीलच्या खाचेचं मेजरमेंट लागतं. पुढे कर मास्टर्स, जरूर कर, मी फीला हातभार लावीन. पण हे काम अवघड झालं म्हणून पळून जाऊन करणार असशील तर तिथेपण कुणीतरी तुला म्हणेलच की आकडा राहू दे.

आता काय करायचं ते लिहितो, वाद घालत बसू नकोस. मशीन वजनकाट्यावर ने, पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा. मूळ प्लेटवर किमान बॅटरी वजन छापलेलं असतं, ते शोध, रंगाखाली असेल तर थिनर लाव. नवी बॅटरी त्याच्या खाली असेल तर दोनच रस्ते आहेत, ट्रेमध्ये लोखंडी बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, बोल्टने पक्का बसवायचा, नुसता ठेवायचा नाही, किंवा कपॅसिटी उतरवून नवी प्लेट रिव्हेट करायची. सेल्सवाला म्हणेल एवढं लोखंड घातलं तर ग्रीन कसलं. त्याला म्हणावं लोखंड वीस वर्षांनीपण भंगारात विकलं जातं. डिझाईनकडून लेखी घे, मेलवर, तोंडी नको. आयएसओ ३६९१ या सेफ्टीच्या स्टँडर्डमध्ये स्थैर्यावर परिणाम करणारा बदल उत्पादकाच्या लेखी मंजुरीशिवाय करायचा नाही असंच आहे, आणि इथे उत्पादक तुम्हीच आहात, म्हणजे ढकलायला दुसरं कुणी नाही.

सीनियरशी बोलताना आवाज चढवू नकोस, तो वाईट माणूस नाहीये, त्याच्यावर टार्गेट आहे. त्याच्यासमोर आकडे ठेव आणि गप्प बस. तरी नाही ऐकलं तर सही करू नकोस, आणि सही का केली नाही ते दोन ओळीत लिहून पाठव.

वजनाच्या पावतीचा फोटो पाठव मला, दोन्ही ॲक्सल वेगवेगळे दिसले पाहिजेत, एकत्र बेरीज नकोय. रविवारी मी घरीच आहे, चार नंतर ये, बाबांनापण घेऊन ये, गणित आपण तिघं बसून करू.